काचेला फोटो टेकू देऊ नका

पाऊस ओसरला की म्हापशातल्या आमच्या फ्रेमच्या दुकानात टॉवेलात गुंडाळलेल्या तसबिरी यायला लागतात. आणणारा माणूस काउंटरवर टॉवेल उलगडतो आणि म्हणतो, "मे महिन्यात एकदम चांगला होता हो." गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेली पत्रंही तशीच आहेत. एकाच दुखण्याची चार पत्रं आली असतील तिथे एकच घेतलंय. हे काम मी सासऱ्यांकडून शिकले. ते देवादिकांच्या तसबिरी आणि शाळेची सर्टिफिकिटं मढवायचे. फोटोचं शहाणपण मला पुढे लोकांचं नुकसान करून करून आलं, हे लक्षात ठेवून उत्तरं वाचा.

"आमच्या गावच्या जत्रेत १९५८ साली झालेल्या नाटकाच्या संचाचा ग्रुप फोटो वसरीत लावलेला आहे. आमचे आजोबा त्यात स्त्रीपार्टी आहेत. यंदा पाहिलं तर मधल्या तिघांच्या तोंडावर तेल सांडल्यासारखे चकचकीत डाग. फ्रेम उघडली, तर फोटो काचेलाच चिकटलेला. एका बाजूने सुटला, मध्ये सुटत नाही. हेअर ड्रायरने गरम करून पाहू का?" (निवृत्त शिक्षक, डिचोली)

गुरुजी, ड्रायर ठेवून द्या आणि फोटो ओढू नका. जेवढा सुटलाय तेवढ्यावर थांबा.

काय झालंय ते सांगते. जुन्या ब्लॅक अँड व्हाइट फोटोत चित्र कागदात मुरलेलं नसतं. कागदावर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि चित्राचे चांदीचे कण त्या थरात असतात. जिलेटिन म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून काढून शुद्ध केलेला सरस. सुताराचा सरस ज्यांनी हाताळलाय त्यांना त्याचा स्वभाव माहीत आहे: कोरडा असला की काचेसारखा कडक, ओल लागली की मऊ आणि चिकट. जुलैत आपल्याकडे बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, पापड डब्यात लोळागोळा होतात. त्या हवेत तुमचे आजोबा काचेला नाक लावून साठ-पासष्ट पावसाळे उभे आहेत. दरवर्षी सरस थोडा मऊ झाला, काचेला टेकला, ऑक्टोबरच्या उन्हात तसाच वाळला. ते चकचकीत डाग म्हणजे फोटो आणि काच यांच्यात हवाच उरलेली नाही अशा जागा. तिथे आता काच हाच फोटोचा वरचा पापुद्रा झालाय.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एक बाई सासू-सासऱ्यांचा लग्नाचा फोटो घेऊन आल्या होत्या. असाच चिकटलेला. मी ब्लेड सारलं. सासरे सुखरूप निघाले. सासूबाईंचं नाक आणि अर्धी नथ काचेवर राहिली. बाई काही बोलल्या नाहीत. काच आणि फोटो दोन्ही घेऊन गेल्या आणि परत कधी दुकानात आल्या नाहीत.

तेव्हा आता एवढं करा. चिकटलेला फोटो काचेसकट फ्रेममधून बाहेर काढा आणि काचेतूनच त्याचा नवा फोटो काढून घ्या. खोली अंधारी करा, दोन्ही बाजूंनी पंचेचाळीस अंशांतून सारखे दिवे टाका, कॅमेरा बरोबर समोर ठेवा आणि कॅमेऱ्यामागे काळी चादर धरा, म्हणजे तुमचं प्रतिबिंब काचेत येणार नाही. गंमत अशी, की चिकटलेल्या जागाच यात सगळ्यात स्वच्छ येतात, कारण मध्ये हवा नाही. ही प्रत हातात आली की निम्मी काळजी गेली. मग मूळ फोटो काचेला चिकटलेला तसाच राहू द्या. फक्त बाजूची जी कड सुटलीय ती पुन्हा दाबू नका. नवी फ्रेम करताना ती जुनी काच हीच काच म्हणून वापरायची.

कोणी सांगेल की पाण्यात भिजवला की सुटतो. काही जुने फोटो सुटतातही. पण नाटकाच्या फोटोंवर पुष्कळदा हाताने रंग भरलेला असतो, गालावर लाली, शालूवर हिरवा. तो पाण्यात जाईल, आणि आधीच मऊ झालेला सरस पाण्यात थराथराने सुटेल. हे काम घरच्या परातीत करायचं नाही. फोटो तेवढा मोलाचा वाटत असेल तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला-संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारा.

"तुम्ही मागे लिहिलंत की फोटो पुठ्ठ्यावर पूर्ण चिकटवू नये. मग तो उभा राहतो कशावर? घरच्या घरी करता येईल असं सांगा." (गृहिणी, फोंडा)

दोन रीती आहेत. पहिली कोपऱ्यांची. आपल्या लहानपणच्या अल्बममध्ये काळ्या कागदावर फोटोचे कोपरे असायचे, तेच. बिनआम्ल (अ‍ॅसिड-फ्री) कागदाची दोन सेंटिमीटर रुंद, पाच-सहा सेंटिमीटर लांब पट्टी घ्या. मध्यावरून दोन्ही टोकं खाली दुमडा, वर टोक असलेला त्रिकोण होईल. हा खिसा फोटोच्या कोपऱ्यात चढवायचा आणि खिशाची पाठ मागच्या बोर्डाला चिकटवायची. गोंद फक्त कागदाला आणि बोर्डाला लागतो, फोटोला थेंबही नाही. खालचे दोन खिसे फोटोचं वजन घेतात. वरचे दोन किंचित सैल ठेवा, एक मिलिमीटरभर, कारण पावसाळ्यात कागद फुगतो. त्याला फुगायला जागा दिली नाही तर तो मधून उठतो आणि नेमका काचेला जाऊन टेकतो. लॅबमधून आलेल्या चकचकीत प्रिंटला हीच रीत, कारण त्या कागदाची पाठ प्लॅस्टिकची असते, तिथे खळ धरत नाही.

दुसरी रीत बिजागरीची. जुन्या जाड कागदाच्या फोटोला, किंवा ज्याच्या कडा झाकायच्या नाहीत अशा प्रिंटला. फोटोच्या वरच्या कडेला मागून जपानी कागदाच्या दोन छोट्या पट्ट्या खळीने लावायच्या आणि त्यांचं वरचं टोक बोर्डाला. फोटो कपड्यासारखा वरून लोंबतो. खाली, बाजूला काहीही नाही. जपानी कागद तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा असतो, पातळ पण लांब धाग्यांचा, ऑनलाइन मिळतो.

आणि खळ. संग्रहालयातले लोक वापरतात ती गव्हाची खळ ऐकून मला पहिल्यांदा हसू आलं होतं. माझं माहेर बेळगावचं. उन्हाळ्यात आई कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घालायची, रोज पाणी बदलायची, वाटून गाळून चीक बसू द्यायची. तोच चीक. वरचं पाणी काढून तळाचा पांढरा गोळा वाळवला की झाली पूड. एक भाग पूड, चार-पाच भाग पाणी, मंद आचेवर सतत ढवळत वीस-पंचवीस मिनिटं, पांढरं जाऊन काचेसारखं दिसेपर्यंत. गार झाल्यावर कपड्यातून गाळा. कुरडईचा चीक आणि ही खळ यांत फरक एवढाच, की हिच्यात मीठ-हिंग घालायचं नाही!

मोरचूदही घालायचं नाही. जुने बुकबाइंडर कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद टाकायचे. ते तांब्याचं मीठ आहे आणि चांदीच्या फोटोला ते बाधतं. खळ ताजी करा, करंगळीच्या नखाएवढी वापरा, उरलेली फेकून द्या. कसरीला खळ आवडते हे खरंच आहे, म्हणून तर ताटभर लावायची नाही. मागे पूर्ण खळ फासलेले जुने फोटो मी पाहिलेत. कसरीने मागून कागद खाऊन नवरदेवाच्या फेट्यापर्यंत मजल मारली होती.

सेलोटेप, दोन बाजूंचा टेप, सुताराचा पांढरा गोंद यांचं नाव या सदरात काढू नका. सेलोटेपचा चिकटपणा कागदात उतरतो आणि पिवळा पट्टा सोडून जातो. पट्टी गळून पडते, डाग राहतो.

"गेल्या वर्षी तुमच्या सल्ल्याने प्रत्येक फ्रेमच्या मागे सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या. यंदा बुरशी जास्तच आली. पुड्या गुलाबी पडल्यात." (पर्वरी)

चूक माझी आहे. मी ते लिहायला नको होतं, निदान अर्धवट लिहायला नको होतं. सिलिका जेल ओल ओढतं, पण पोट भरेपर्यंतच. आपल्या फ्रेमला मागून कितीतरी फटी असतात. जुलैतली हवा आत-बाहेर करत राहते आणि दोन चमचे दाणे काही दिवसांत तुडुंब होतात. निळ्याचे गुलाबी झाले म्हणजे ते भरले. त्यानंतर ती पुडी म्हणजे फोटोच्या पाठीशी बांधलेला ओला बोळा. काढून टाका.

त्यापेक्षा बऱ्या दोन गोष्टी आहेत. एक, फ्रेम जानेवारी-फेब्रुवारीत भरा. बोर्ड, कागद, लाकूड हे सगळं हवेतली ओल धरून ठेवतं. ऑगस्टमध्ये बंद केलेल्या फ्रेममध्ये ऑगस्टच कोंडला जातो. कोरड्या दिवशी काच, माऊंट (फोटोभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट), फोटो आणि पाठीची प्लॅस्टिक शीट यांची चळत करून चारी कडा अ‍ॅल्युमिनियमच्या टेपने बंद केल्या तर आतली हवा बाहेरच्या हवेमागे लगेच धावत नाही. दोन, ज्या फोटोची दुसरी प्रत नाही तो पागोळ्या लागायच्या आत भिंतीवरून उतरवा, घराच्या आतल्या कोरड्या खोलीतल्या कपाटात उभा ठेवा आणि चवथीला परत लावा. आमच्या घरी चार तसबिरी जूनमध्ये उतरतात. भिंतीवर चार फिकट चौकोन दिसतात. पाहुणे विचारतात, सांगायचं.

"मुलीच्या बारशाचा फोटो स्टुडिओतून लॅमिनेशन करून घेतला, मागे लाकडी बोर्ड. दुसऱ्याच पावसाळ्यात कडा फुगल्या आणि वरची फिल्म सुटली. दुरुस्त होईल?" (काणकोण)

नाही. ते लाकूड नाही, एमडीएफ आहे, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू आणि राळ दाबून केलेली फळी. कडेने पाणी प्यायली की ब्रेडसारखी फुगते आणि परत बसत नाही. फोटो खालून फळीला आणि वरून फिल्मला चिकटलेला असतो, दोन्हींतून तो सुटत नाही. स्टुडिओकडे फाइल असेल. नवी प्रिंट काढा आणि यावेळी काचेची फ्रेम करा. लॅमिनेशन पुसायला सोपं म्हणून लोक घेतात. काचही ओल्या फडक्याने पुसता येते, फक्त पाणी फडक्यावर मारायचं, काचेवर नाही. काचेवर मारलेलं पाणी खालच्या खाचेत उतरतं आणि फोटो तळातून पाणी पितो.

"घर चिऱ्याचं आहे, पश्चिमेची भिंत ओलसर असते. चवथीला सगळं रंगवून काढायचंय, नव्या फ्रेमही त्याच दिवसांत लावायच्यात. काय काळजी घ्यावी?" (पेडणे)

पश्चिमेच्या भिंतीवर फोटो लावायचा नाही, इथून सुरुवात करू. आपला पाऊस नैऋत्येकडून येतो आणि त्या बाजूचे चिरे महिनोन्महिने पाणी धरतात. जिच्या दोन्ही बाजूंना घरच आहे अशी आतली भिंत निवडा.

जुन्या घरांत तसबिरी वरून पुढे झुकलेल्या असायच्या, आठवतं? मला वाटायचं, खालून पाहणाऱ्याला नीट दिसावं म्हणून. ते आहेच. पण त्या झुकण्यामुळे मागे हवा खेळायची आणि भिंतीची ओल फ्रेमच्या पाठीला थेट लागायची नाही. आता सगळ्यांना फ्रेम भिंतीला सपाट हवी असते. ठीक आहे, पण खालच्या दोन कोपऱ्यांमागे बुचाच्या चकत्या चिकटवा. फेणीच्या बाटलीचं बूच कापलं तरी चालतं. एक सेंटिमीटर जागा पुरते. मागे हार्डबोर्डाऐवजी पोकळ प्लॅस्टिकची शीट, दुकानदार जिला सनपॅक म्हणतात ती घाला. समुद्राजवळ राहत असाल तर लोखंडी हूक आणि जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार नको. खारी हवा ती खाऊन टाकते आणि फ्रेम एक दिवस रात्री दोनला खाली येते. पितळी आकडे, नायलॉनची दोरी.

आता रंगाचं. ऑइल पेंट सुकताना हवेत जे सोडतो ते चांदीच्या फोटोला मानवत नाही, फोटो कडेने पिवळट पडतो. रंगवून लगेच दुसऱ्या दिवशी जुने फोटो लावू नका. महिनाभर जाऊ द्या, खिडक्या उघड्या ठेवून. चवथीला भिंत रिकामी दिसेल म्हणता? गणपतीच्या डोक्यावर फळाफुलांची माटोळी बांधल्यावर भिंतीकडे बघतंय कोण.

"वडिलांचा १९८२ चा रंगीत फोटो देवकुडीबाहेर लावलाय. रोज हार, उदबत्ती, समई. फोटो लालसर होत चाललाय. काच बदलू का?" (मडगाव)

काच बदलून हा लाल जाणार नाही. त्या काळच्या रंगीत कागदात तीन रंग एकावर एक असायचे: निळसर, किरमिजी, पिवळा. त्यातला निळसर उष्णतेने आणि दमट हवेने आपोआप विटतो, अंधारातसुद्धा. तो गेला की उरतो तो लाल चेहरा. १९७० ते ८५ मधली बहुतेक घरांतली लग्नं आता अशीच लाल झालीत. उजेड पडतो तिथे बाकीचे दोन रंगही जातात. अतिनील किरण अडवणारी काच नव्या फोटोला उपयोगी. तीही विटणं लांबवते, थांबवत नाही.

निगेटिव्ह शोधा. जुन्या स्टुडिओच्या पाकिटात, पेटीच्या तळाशी, विम्याच्या कागदांत. मिळाली तर तिच्यावरून, नाही तर या फोटोवरून स्कॅन करून रंग सुधारून नवी प्रिंट काढा आणि ती लावा. मूळ फोटो कागदाच्या पाकिटात घालून कपाटात ठेवा. समईची काजळी, हाराचं पाणी, काचेवर लावलेलं गंध हे सगळं नव्या प्रतीने सोसावं. काही जणांना हे पटत नाही, म्हणतात मूळ फोटोलाच हार हवा. माझी सासूही म्हणायची. मी तिला न सांगता प्रत लावली होती. तिने तीन वर्षं त्या प्रतीला हार घातला. हे कबूल करायला मला आज पहिल्यांदा धीर झालाय.

"ताई, मी आल्तिनोच्या कला महाविद्यालयात शिकतो. डिसेंबरमध्ये आम्हा मुलांचं छोटं प्रदर्शन आहे. माझ्या बारा प्रिंट्स आहेत, १२ बाय १८ इंच, इंकजेट, कापसाच्या मॅट कागदावर. काच आणि फ्रेम परवडत नाही. सनबोर्डवर, म्हणजे फोमच्या हलक्या फळीवर, चिकटवून लावू?"

चिकटवू नको. सनबोर्डवर चिकटवलेली प्रिंट प्रदर्शनानंतर ना विकता येते ना गुंडाळता येते. दहा दिवसांसाठी बारा प्रिंट्स बळी कशाला द्यायच्या?

डिसेंबरची हवा चांगली असते, त्यामुळे काच नसली तरी चालेल. जाड पांढरा बिनआम्ल माऊंट बोर्ड घे, १८ बाय साडेचोवीस इंचांत काप. प्रिंटभोवती तिन्ही बाजूंना तीन इंच आणि खाली साडेतीन इंच जागा राहते. खाली अर्धा इंच जास्त का, तर चारी बाजू सारख्या ठेवल्या की चित्र खाली घसरल्यासारखं दिसतं. एकदा करून बघ. त्यावर वर सांगितले तसे कागदी कोपरे लाव. बारा प्रिंट्सचे अठ्ठेचाळीस कोपरे, एका संध्याकाळचं काम, मित्राला चहा पाजून बसव. बोर्डाच्या वर दोन स्टीलच्या क्लिपा, त्यांतून नायलॉन. प्रिंटचा मध्य जमिनीपासून सुमारे १५० सेंटिमीटरवर येईल असं टांग. बाराच्या बारा मध्य एका रेषेत येऊ देत, वरच्या कडा नव्हे.

आणि पुढेमागे पैसे आले आणि काच लावलीस, तर दोन गोष्टी. इंकजेटची प्रिंट मशीनमधून निघाली की लगेच काचेखाली घालायची नाही. शाईतली वाफ दिवसभर निघत राहते आणि काचेच्या आतल्या बाजूला धुरकट थर बसवते. वर साधा कागद ठेवून निदान एक दिवस, आपल्या हवेत दोन दिवस वाळू दे. दुसरी, काच आणि प्रिंट यांच्यात माऊंटची जाडी तरी असलीच पाहिजे. एक माऊंट दीड मिलिमीटरच्या आत भरतो. १२ बाय १८ ला मी दोन घालते, कारण एवढा मोठा कागद ओलीने लाटेसारखा उठतो. रफ, न चमकणारी स्वस्त काच कोणी गळ्यात मारायला आला तर घेऊ नको. ती फोटोला टेकलेली असली तरच चित्र स्पष्ट दिसतं, आणि जरा लांब गेली की सगळं धुक्यात. म्हणजे ती तुला नेमकं तेच करायला लावते, जे डिचोलीच्या गुरुजींच्या फोटोला झालं.

प्रदर्शनाची तारीख कळव. शनिवारी दुकान दुपारी बंद असतं, येईन. कोपरे उलटून बघणार आहे.